लोकांच्या मनातलं मोजायचं कसं: काळाचौकीच्या एका फील्ड सुपरवायझरचं टिपण

"माणसांशी वागताना तुम्ही फार सावध राहू शकत नाही."

हे वाक्य छापलेले साडेचारशे फॉर्म माझ्या काळाचौकीच्या खोलीत माळ्यावर बरीच वर्षं पडून होते. शेवटी रद्दीवाल्याला दिले, पण एक ठेवलाय, नव्या पोरांना दाखवायला. मूळ इंग्रजी प्रश्न जगभर विचारला जातो: बहुतेक माणसांवर विश्वास टाकता येतो, की 'यू कान्ट बी टू केअरफुल'? म्हणजे कितीही जपून राहिलं तरी कमीच. आमच्या भाषांतरकाराने शब्दाला शब्द लावला आणि अर्थाची पार उलटापालट झाली. दोन दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी लालबागच्या चाळीत एक आजी माझ्यावर उखडल्या, "का नाही राहू शकत? मी राहते की सावध. साखळी लावल्याशिवाय दार उघडत नाही मी."

गंमत पुढेच आहे. ज्या एजन्सीचं ते काम होतं तिने फॉर्मचं उलट भाषांतरही करून घेतलं होतं, मराठीतून परत इंग्रजीत, आणि ते तंतोतंत जुळलं होतं. जुळणारच ना! शब्दशः केलेलं चुकीचं वाक्य शब्दशः मागे फिरवलं की मूळचं इंग्रजीच हाती येतं. तेव्हापासून कोणी 'आम्ही उलट भाषांतर तपासलंय' म्हणालं की मला त्या आजी आठवतात.

मी १९९४ पासून सर्व्हेच्या फील्डवर आहे. साबण, चहा, मतदान, आरोग्य, सगळं विचारून झालं. पण लोकांना 'तुम्हाला काय वाटतं' विचारायचं आणि ते उत्तर स्वीडन-जपानच्या शेजारी नेऊन ठेवायचं, त्या कामाची शिस्त निराळी. हल्ली वॉर्डातल्या संस्थांची, कॉलेजची मुलं येतात: मावशी, आम्हालाही असा सर्व्हे करायचाय, सुरुवात कुठून करू? त्यांना जे तोंडी सांगते तेच इथे लिहिते आहे.

सुरुवात म्हणजे स्वतःचे प्रश्न बनवायचा मोह आवरा. तुलना करायची असेल तर जे प्रश्न आधीच देशोदेशी विचारले गेलेत तेच घ्या. वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे १९८१ पासून चालू आहे. युरोपियन सोशल सर्व्हे २००२ पासून दर दोन वर्षांनी होतो. आयएसएसपी, म्हणजे इंटरनॅशनल सोशल सर्व्हे प्रोग्राम, १९८४ साली चार देशांनी मिळून सुरू केला, त्यात दर वर्षी एक विषय. आपल्याकडे दिल्लीच्या सीएसडीएस ह्या संशोधन संस्थेचा लोकनीती गट आहे. ह्यांच्या प्रश्नावल्या फुकट वाचायला मिळतात. फक्त प्रश्न उचलताना पर्यायांसकट उचला. विश्वासाचाच प्रश्न घ्या: वर्ल्ड व्हॅल्यूजवाले त्याला दोनच पर्याय देतात, टाकता येतो किंवा जपून राहावं लागतं. युरोपवाले तोच प्रश्न ० ते १० च्या पट्टीवर विचारतात. तुम्ही मधलंच काहीतरी, पाच खणांचं वगैरे केलंत, तर तुमचा आकडा ना इकडे बसणार ना तिकडे.

मग भाषांतर, आणि इथे घाई करू नका. युरोपियन सर्व्हेची रीत मला पटते: दोघांनी एकमेकांना न दाखवता वेगवेगळं भाषांतर करायचं, मग तिसऱ्याला घेऊन एका टेबलावर बसायचं, शब्दाशब्दावर भांडायचं, एकाने शेवटचा निर्णय द्यायचा, मग थोड्या लोकांवर प्रश्न चालवून बघायचे, आणि काय बदललं, का बदललं ते लिहून ठेवायचं. मी त्यात माझी एक भर घालते. त्या टेबलावर एक माणूस फील्डवरचा हवाच. पुस्तकी मराठी येणारे कितीही बसवा, 'आज्ञाधारकपणा' हा शब्द वरळी कोळीवाड्यात दारात उभं राहून मोठ्याने म्हणून बघितल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही. 'सांगितलेलं ऐकणं' म्हटलं की लगेच पोचतं.

एक प्रश्न जवळून दाखवते. मुलांना घरात कोणते गुण शिकवावेत, अशी ११ गुणांची यादी वर्ल्ड व्हॅल्यूजमध्ये असते, त्यातले जास्तीत जास्त पाच निवडायचे. त्यात 'इन्डिपेन्डन्स' आहे. 'स्वातंत्र्य' लिहिलंत तर काकांना पंधरा ऑगस्ट आठवतो आणि मुलीच्या आईला धास्ती वाटते. 'स्वतःच्या पायावर उभं राहणं' लिहिलंत तर सगळेच निवडतात, कारण आपल्याकडे त्याचा अर्थ नोकरी. मूळ प्रश्नाला हवंय ते असं की मुलाने स्वतः विचार करावा, स्वतःचं स्वतः ठरवावं. आम्ही शेवटी 'स्वतःचे निर्णय स्वतः घेणं' ह्यावर थांबलो. लांबलचक झालं, पण परळच्या चाचणीत लोक थबकले, विचारात पडले. एक बाई म्हणाल्या, "हे मुलाला शिकवायचं का मुलीला, ते आधी सांगा." असं कोणी विचारलं की समजायचं, प्रश्न जागेवर पोचला. त्यांना सांगायचं मात्र काहीच नाही. "तुम्हाला जसं वाटेल तसं," एवढंच.

आयुष्यात काय किती महत्त्वाचं, ह्या प्रश्नात कुटुंब, मित्र, काम, राजकारण, धर्म ह्यांच्या बरोबरीने 'मोकळा वेळ' येतो. विरारहून चर्चगेटला जाणारी बाई हसते आणि विचारते, तो कुठे मिळतो? राजकारणात तुम्ही डावे की उजवे, हे विचारायला गेलं तर आमच्या गिरणगावात 'डावे' म्हणजे लाल बावटा, एवढं पक्कं. त्यापलीकडे पट्टीवर बोट ठेवायला सांगितलं की माणसं बहुधा मध्यावर ठेवतात. तो मध्य म्हणजे मधलं मत नसतं, 'मला नाही कळलं' असतं. त्यासाठी वेगळा कोड, म्हणजे उत्तराऐवजी फॉर्मवर लिहायचा आकडा, ठेवा आणि तो वापरायला लाजू नका.

सर्वांत अवघड शब्द 'वंश'. शेजारी कोण नको, अशी एक यादी वाचून दाखवतात: दारुडे, दुसऱ्या धर्माचे, दुसरी भाषा बोलणारे, लग्नाशिवाय एकत्र राहणारे वगैरे. त्यात 'वेगळ्या वंशाचे लोक' असतात. घाटकोपरला एका काकांनी मला शांतपणे सांगितलं, "आमच्या वंशाला दिवा आहे, दोन मुलगे आहेत." दुसऱ्या घरात त्याचा अर्थ जात झाला, तिसऱ्या घरात परदेशी. आता हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. २०१३ च्या मे महिन्यात वॉशिंग्टन पोस्टने ह्याच प्रश्नावरून जगाचा नकाशा रंगवला. भारत सर्वांत असहिष्णू देशांच्या रांगेत, कारण ४३.५ टक्के लोकांनी वेगळ्या वंशाचा शेजारी नको म्हटलं होतं. हाँगकाँग तर ७१.८ वर. मागाहून निघालं की हाँगकाँगचे कोड उलटे चढले होते, खरा आकडा २६.८. तोवर नकाशा जगभर फिरला होता. म्हणून माझा नियम: देशांच्या यादीत एखादा आकडा एकटाच उंच उभा दिसला तर त्या देशाची प्रजा कशी आहे ह्यावर निबंध लिहायच्या आधी त्यांच्या भाषेतला फॉर्म मागवा आणि कोडशीट तपासा.

बाकी मुंबईत शेजारी ह्या विषयावर लोक जे खरं बोलतात ते यादीत नसतंच. मासळीचा वास, सोसायटीची एनओसी, एकट्या मुलीला जागा द्यायची की नाही. ते विचारायचं असेल तर जरूर विचारा, पण मूळ प्रश्न पुरा झाल्यावर, वेगळ्या नंबरखाली. मूळ प्रश्नात कोंबू नका.

आता माणसं निवडायची. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आमच्याच धंद्यातली. फक्त कुकरच्या वरच्या डब्यातलं शीत चेपून खालच्या डब्यातल्या डाळीबद्दल बोलू नये, एवढं भान हवं. १९३६ साली अमेरिकेत लिटररी डायजेस्ट मासिकाने कोटीभर मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, वीस लाखांच्या वर परत आल्या, आणि त्यांनी राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत रूझवेल्टला हरवून लँडन जिंकणार म्हणून सांगितलं. रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. नुसत्या गठ्ठ्याच्या उंचीने काही होत नाही.

वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे देशामागे किमान १२०० माणसं मागतो. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १२०० माणसांवर चूक साधारण पावणेतीन टक्के इकडे-तिकडे. पण आपण सुट्या १२०० माणसांकडे जात नाही. ६० भाग घेतो, प्रत्येकात २०. आणि एका चाळीतली वीस माणसं एकाच नळावर भांडतात, एकाच मंडळाला वर्गणी देतात, पुष्कळदा एकसारखंच बोलतात. हे सारखेपण ० ते १ मध्ये मोजतात, १ म्हणजे सगळे अगदी एकसारखे. ते थोडंसं, ०.०५ धरलं, तरी १ अधिक (भागातली बाकीची) १९ गुणिले ०.०५ म्हणजे १.९५. ह्याने १२०० ला भागायचं. तुमची १२०० माणसं ६१५ च्या किमतीची झाली, आणि चूक चार टक्क्यांवर गेली. पैसे असतील तर भाग वाढवा, भागातली माणसं कमी करा. १२० भाग, प्रत्येकी दहा. गाडीभाडं वाढेल, पण आकडा सुधारेल.

यादी कुठून आणायची? लोकनीती मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावं उचलते. मुंबईत मतदारयादी घेऊन निघालात तर अर्धा दिवस 'ते डोंबिवलीला गेले' ऐकण्यात जातो. एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाची, इमारत उठली की जुन्या झोपडीचे नंबर यादीत राहतात आणि माणसं चौदाव्या मजल्यावर गेलेली असतात. मी शक्य असेल तिथे लिस्टिंग करते. दोन मुलं, एक पॅड, हाताने काढलेला कच्चा नकाशा, भागातल्या प्रत्येक दाराला नंबर. पोटमाळ्यावर वेगळी चूल असेल तर वेगळा नंबर. धारावीत शिडी बाहेरून आहे का हे बघा, बाहेरून असेल तर वर बहुतेक भाडेकरू. नुसता स्टार्टिंग पॉइंट देऊन 'उजव्या हाताने चालत राहा, दर पाचवं दार' असं सांगितलं तर पोरं पाचवं नव्हे, उघडं दार घेतात. मीही घेतलीत. उन्हात चौथ्या मजल्यावर एक दार उघडं दिसलं आणि आतून 'या, पाणी घ्या' आलं, तर पाय तिकडे वळतातच.

दार ठरलं, आता घरातलं कोण? जो दार उघडेल तो, हे उत्तर चुकीचं. दुपारी दार कोण उघडतं? घरातल्या बायका आणि रिटायर झालेले आजोबा. परदेशात एक सोपी युक्ती वापरतात, ज्याचा वाढदिवस सर्वांत जवळचा त्याला विचारायचं. आपल्याकडे ती गडबडते. पन्नाशीपुढच्या माणसाला जन्मतारीख विचारा, १ जून सांगेल. मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेली. एका घरात मला आजी, आजोबा आणि काका, तिघंही १ जूनचे भेटले. म्हणून किश ग्रिड वापरा. लेस्ली किश ह्या संख्याशास्त्रज्ञाने १९४९ साली मांडलेला तक्ता. घरातली १८ वर्षांवरची सगळी माणसं वयाप्रमाणे लिहायची, फॉर्मच्या नंबराप्रमाणे तक्ता सांगेल की तिसऱ्या नंबरचं माणूस. मग तेच. तो मुलगा नाइट शिफ्टला असो की सून लाजत असो. आणि घरात अशी किती माणसं होती तो आकडा जपून ठेवा. सहा मोठी माणसं असलेल्या खोलीतून एकाला निवडलं, तर त्याच्या उत्तराला एकट्या राहणाऱ्या माणसाच्या सहापट वजन द्यायचं असतं. हा आकडा हरवला की वजन देता येत नाही.

माणूस भेटला नाही तर शेजारचं घ्यायचं नाही. युरोपियन सोशल सर्व्हेत बदली माणूस चालतच नाही, 'इतके पुरुष, इतक्या बायका भरा' असा कोटाही चालत नाही. किमान चार फेऱ्या, त्यातली एक संध्याकाळची आणि एक शनिवार-रविवारची. मुंबईत मी संध्याकाळ म्हणजे साडेनऊ धरते. त्याआधी विरारचा माणूस विरारला पोचलेला नसतो. रविवारी सकाळी दहा ते बारा सोनं. एकनंतर जेवण आणि झोप, तेव्हा बेल वाजवलीत तर आख्ख्या मजल्याचा नकार पदरात पडतो.

मोठ्या सोसायट्यांचं दुखणं वेगळं. खाली पाटी, सेल्समनना मनाई. वॉचमनशी हुज्जत घालू नका, बिचाऱ्याच्या हातात काही नसतं. आदल्या रविवारी सेक्रेटरींना पत्र द्या, त्यांच्याशी पाच मिनिटं बोला, पत्राची झेरॉक्स नोटीस बोर्डवर लावू द्या. तरी झोपडपट्टीत दहा दारांमागे एक नकार येतो आणि टॉवरमध्ये दहांतली सहा दारं उघडत नाहीत, असं माझं तरी चाललंय. ही उणीव लपवू नका. प्रत्येक दाराला संपर्कपत्रिका हवी: कोणत्या तारखेला, किती वाजता, काय झालं. बंद, नकार, लिफ्ट बंद, कुत्रा, सगळं लिहा. अहवालात मुलाखती किती झाल्या ते सगळेच छापतात. किती दारांवरून परत आलात तेही छापा.

आता आत गेलो, बसलो, चहा आला. चहा घ्या. पण आपलं मत देऊ नका, भुवई वर करू नका, 'हो ना' म्हणू नका. 'तुम्ही सहमत आहात का' ह्या धर्तीचे दहा प्रश्न सलग विचारलेत तर मोठ्या माणसांसमोर मान डोलवायची सवय असलेली माणसं दहाही वेळा हो म्हणतात. म्हणून काही वाक्यं उलट्या बाजूची ठेवतात. ० ते १० ची पट्टी म्हाताऱ्यांना नीट कळत नाही, त्यांना आणे कळतात. "चौदा आणे विश्वास आहे," असं मला एका गिरणी कामगाराने सांगितलं होतं. ते मी डोक्यात १० च्या पट्टीवर उतरवायचं नाही. शोकार्डवरची, म्हणजे हातात द्यायच्या पुठ्ठ्यावर छापलेली, शिडी दाखवायची, तळाला शून्य, वर दहा, आणि बोट त्यांनीच ठेवायचं.

तरी एक फट राहतेच. माझे सात आणि तुमचे सात एकच का? ह्यावर गॅरी किंग ह्या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली छापलेली युक्ती मला फार आवडते, कारण ती पाण्याची आहे. सरकारच्या कारभारात तुमचं किती चालतं, असं चीन आणि मेक्सिकोत विचारलं. चिनी माणसं म्हणाली, आमचं बरंच चालतं. मेक्सिकोची म्हणाली, कसलं काय! मग दोघांना त्याच छोट्या गोष्टी ऐकवल्या: अमक्याच्या वस्तीत प्यायला चांगलं पाणी नाही, तो शेजाऱ्यांना घेऊन अमुक करतो, तर त्याचं किती चालतं? तमक्याकडेही पाणी नाही, तो गप्प बसतो, त्याचं किती? ह्या गोष्टींना दिलेल्या मार्कांच्या मापाने स्वतःचे मार्क पुन्हा लावले तर चित्र उलटलं. गोष्टीतला हतबल माणूससुद्धा बऱ्याच चिनी लोकांना स्वतःपेक्षा वरचढ वाटला होता. अशा दोन-तीन गोष्टी तुमच्या फॉर्ममध्ये घाला. आपल्याकडे टँकर, नगरसेवक आणि गप्प बसणारा शेजारी, तिन्ही तयार आहेत.

एकांत मिळवणं हे निम्मं काम. देवनारची लोकसंख्या संस्था जे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते, त्यात नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे का, हे सात कारणं एकेक वाचून विचारतात: न सांगता बाहेर गेली, स्वयंपाक नीट केला नाही, सासरच्यांचा मान ठेवला नाही, अशी. असाच प्रश्न दुसऱ्या कितीतरी देशांतही विचारतात. आता बारा बाय दहाच्या खोलीत हा प्रश्न कसा विचाराल, जिथे सासूबाई भाजी निवडत बसल्यात? मी एक सुटा, बिनमहत्त्वाचा फॉर्म पिशवीत ठेवते, किराणा कुठून आणता वगैरे. सोबतच्या मुलीला सांगते, "आजींचा फॉर्म तू गॅलरीत बसून भर." आजींना मान मिळतो, सुनेला दहा मिनिटं मिळतात. कोणी मध्येच आलं तर विषय रेशनवर न्यायचा. आणि शेवटी खरं काय ते टिक करायचं: मुलाखतीच्या वेळी तिसरं कोणी होतं का. होतं तर 'होतं'.

बॅक-चेकबद्दल थोडक्यात. दहातला एक फॉर्म मी स्वतः जाऊन तपासते, कोणता ते कोणाला सांगत नाही. पोरं घरी बसून फॉर्म भरतात हे उघड गुपित आहे. ते बहुतेक वेळा एका फॉर्ममागे मिळणाऱ्या फुटकळ पैशामुळे होतं. टॅबमध्ये वेळ आणि जागा नोंदली जाते, त्याचा उपयोग होतो. पाऊण तासाची मुलाखत अकरा मिनिटांत झाली असेल तर चौकशी करा. पण आधी पोरांना फॉर्मवर नव्हे, दिवसावर पैसे द्या.

शेवटी तारखा. सगळ्या देशांत एकाच वेळी फील्ड लावता येत नाही, पण आपल्याकडची वेळ तरी निवडता येते. गणपतीचे अकरा दिवस लालबाग-परळला जाऊ नका, निम्मं कोकण गावी आणि उरलेलं मंडपात. मे महिन्यात कुलूप. जुलैत लोकल बंद पडल्या की मुलंच पोचत नाहीत. युरोपियन सर्व्हेवाले फील्ड चालू असताना देशात काय काय घडलं ह्याची वेगळी नोंद ठेवतात. तशी डायरी तुम्हीही ठेवा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर विश्वासाचा प्रश्न विचारला की माणसं उत्तराआधी गोष्ट सांगायची, कोणा अनोळखी घरात रात्र काढली ती. पुढच्या वर्षी आम्ही माहीमला होतो, तोच प्रश्न घेऊन. डायरीत ११ जुलै २००६ च्या पानावर माझ्या अक्षरात आहे: "वेस्टर्नवर लोकलमध्ये स्फोट. सगळी मुलं घरी पोचली, फोन करून खात्री केली. फील्ड बंद. ३८ फॉर्म बाकी." नऊ दिवसांनी ते ३८ भरून घेतले आणि वेगळ्या गठ्ठ्यात बांधले, वर तारीख लिहून.